रेडिओग्रामचा दहा इंची आणि फौंड्रीची वाळू

५ जानेवारी २०२५

मामांच्या शिवाजी पेठेतल्या घरी जिन्याखाली पडून असलेला रेडिओग्राम (एकाच लाकडी कपाटात रेडिओ आणि तबकड्यांचा ग्रामोफोन) आज बाहेर काढला. वाळवीने काही ठेवलं नव्हतं. कोपरा धरून उचलायला गेलो तर तोच हातात आला. आतला दहा इंची स्पीकर मात्र शाबूत निघाला. कागदी कोनावर बोटभर धूळ, कडेच्या वळ्यांना दोन ठिकाणी चिरा. दोन्ही हातांची बोटं कोनावर सारखी टेकवून हलकेच आत दाबला, कोनाला जोडलेली तारेची कॉईल मॅग्नेटच्या फटीत कुठेही घासली नाही. मल्टिमीटरवर ३.४ ओहम.

मामा म्हणाले, "खोका गेला तर जाऊ दे रे. पण ह्याच्यावर आण्णांनी केसरबाई केरकरांचं गाणं ऐकलेलं आहे. तुला जमत असेल तर ह्याला बोलता कर."

उद्यमनगरात पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करण्याच्या कामाला, एकोणीस वर्षं झाली. लाकूड आणि माप हे रोजचं काम. स्पीकरबद्दल मात्र वाचलंय जास्त, केलंय काहीच नाही. ही वही त्यासाठी.

९ जानेवारी

चिरा बुजवल्या. गणपतीत डॉल्बीवाल्यांचे स्पीकर रिकोनिंग करून देणाऱ्या एका कारागिराकडे गेलो होतो. त्यांनी नवा कोन टाकायला साफ नकार दिला. "हा कागद आता मिळत नाही. पातळ टिश्यू घे, फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घाल आणि एकच थर दे. दुसरा थर दिलास तर कड ताठ होईल आणि आवाज बदलेल." सांगितलं तसंच केलं. या माणसाने आयुष्यात समीकरण मांडलेलं नाही, पण कडेचा ताठरपणा वाढला की रेझोनन्स, म्हणजे कोन ज्या सुरावर आपोआप झुलतो तो, वर सरकतो हे त्याच्या बोटांना ठाऊक आहे.

१२ जानेवारी

आराखडा ठरवला. जुन्या मासिकाच्या स्कॅनमध्ये दहा इंचीसाठी बास रिफ्लेक्स खोका सापडला, मापं इंचांत, पुढे आयताकृती छिद्र. कल्पना बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरास यांची, पेटंट १९३२ चं. कोनाच्या मागच्या बाजूचा आवाज वाया जाऊ न देता छिद्रातल्या हवेला हलवायला लावायचा आणि खालच्या सुरांना मदत घ्यायची. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो घुमार येतो, तेच तत्त्व.

टिंबर मार्केटातून १९ मिमी प्लाय आणला.

२६ जानेवारी

खोका झाला. सांधे इतके बसले की क्लॅम्प काढल्यावरही नखाला रेघ लागत नाही. पॉलिश अजून नाही.

लावला आणि मन खट्टू झालं. तंबोरा चालू झाला की खोलीभर एकच सूर दणदणतो. तबल्यातला डग्गा प्रत्येक ठेक्याला त्याच जागी "धुम्म" करतो, घिस्सा कुठला आणि थाप कुठली कळत नाही. छिद्र निम्मं बुजवून पाहिलं, आत गोधडी कोंबून पाहिली. थोडा फरक पडला, पण मूळ खोड गेली नाही.

२ फेब्रुवारी

भौतिकशास्त्र शिकवणारे आमचे जुने सर आता निवृत्त आहेत, ताराबाई पार्कात राहतात. त्यांच्याकडे गेलो. खोक्याचा फोटो त्यांनी बघितलासुद्धा नाही. पहिला प्रश्न, "ह्या स्पीकरचा क्यूटीएस किती आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सरांनी झोपाळ्याचं उदाहरण दिलं. झोपाळा ढकलून सोडला की तो किती वेळ हेलकावे खात राहतो? साखळीला कोणी हात लावून ब्रेक दिला तर लगेच थांबतो, नाही दिला तर बराच वेळ झुलतो. स्पीकरचा कोनही आपल्या रेझोनन्सला असाच झुलतो, आणि त्याचा मोठा ब्रेक म्हणजे मॅग्नेट. मॅग्नेट दमदार तर ब्रेक घट्ट, क्यूटीएस कमी. मॅग्नेट दुबळं तर ब्रेक सैल, क्यूटीएस जास्त. रिफ्लेक्स खोक्याचं छिद्र हा जणू दुसरा झोपाळा. ज्याचा स्वतःचाच ब्रेक सैल आहे त्याला दुसरा झोपाळा जोडला, तर दोघं मिळून एकाच सुरावर झुलत बसतात.

हे सगळं आकड्यांत नीट बसवलं नेव्हिल थील यांनी, १९६१ मध्ये, ऑस्ट्रेलियात. जगाने दखल घेतली ती दहा वर्षांनी, १९७१ मध्ये तो लेख अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला तेव्हा. मग रिचर्ड स्मॉल यांनी पुढच्या दोन वर्षांत बंद खोका, छिद्राचा खोका, सगळं त्याच पद्धतीने मांडलं. आज ज्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात ते हेच. सपाट प्रतिसाद देणाऱ्या नेहमीच्या रिफ्लेक्स मांडणीला क्यूटीएस ०.३८ च्या आसपास लागतो.

म्हणजे माझा आराखडा त्या मासिकाच्या काळातल्या एका ठराविक स्पीकरसाठी बरोबर होता. मी इंच उचलले आणि स्पीकर दुसराच लावला. पॅटर्न शॉपमध्ये असली चूक मी कुणाला करू देणार नाही. बिडाचं पॅटर्न अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगला वापरलं तर आकसण्याची सूट चुकते आणि जॉब बाद होतो. माप कुठल्या धातूसाठी आहे हे आधी विचारायचं असतं.

८ फेब्रुवारी

मोजमाप. सामान: मोबाइलवरचं टोन जनरेटर, छोटा अ‍ॅम्प्लिफायर, १,००० ओहमचा रेझिस्टर, १० ओहमचा एक चांगला रेझिस्टर, मल्टिमीटर. मोठा रेझिस्टर स्पीकरच्या मालिकेत लावला की करंट जवळपास स्थिर राहतो, आणि स्पीकरवरचा व्होल्टेज सरळ त्याचा अवरोध सांगतो. आधी स्पीकरच्या जागी १० ओहम लावून मीटर ५० मिलिव्होल्टवर आणला.

मग स्पीकर. हवेत मोकळा टांगलेला, कारण टेबलावर पालथा ठेवला तर आकडा बदलतो. एकेक हर्ट्झ वाढवत गेलो. ६२ हर्ट्झला शिखर: १५२ मिलिव्होल्ट, म्हणजे ३१ ओहमच्या घरात. नंतर शिखराच्या दोन्ही बाजूंना १०.३ ओहम कुठे येतं ते शोधलं (३.४ आणि ३१ चा गुणाकार, त्याचं वर्गमूळ). एका बाजूला ५१, दुसऱ्या बाजूला ७५. दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की पुन्हा ६२ यायला हवं. आलं. मोजणी बरोबर असल्याची ही खूण, ती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या आकड्यांवरून यांत्रिक क्यू, म्हणजे मॅग्नेटचा ब्रेक सोडून नुसत्या कोन आणि कडेचा, ७.८. त्याला ३१ भागिले ३.४ ने भागलं की क्यूटीएस ०.८६.

रात्री साडेअकरा वाजता हा आकडा वहीत लिहिला आणि त्या खोक्यावरचा राग गेला. खोका निर्दोष होता. तो या स्पीकरचा नव्हता, एवढंच.

९ फेब्रुवारी

बंद खोक्याचा विचार केला. एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये अ‍ॅकॉस्टिक रिसर्चचा एआर-१ काढला तेव्हापासून लहान बंद खोक्याचं युग आलं, आत कोंडलेली हवाच कोनाला स्प्रिंगचं काम करते. पण त्यासाठी स्पीकरची स्वतःची कड अगदी सैल हवी. शिवाय बंद खोक्यात क्यू नेहमी वाढतो, कधी कमी होत नाही. सपाट आवाजासाठी तो ०.७ च्या आसपास हवा, आणि ०.८६ आधीच त्याच्या वर. कितीही मोठा खोका केला तरी खाली येणार नाही.

आणि मग लक्षात आलं. रेडिओग्रामला मागे काय होतं? भोकं पाडलेली पातळ फळी. म्हणजे मागून जवळजवळ उघडाच. हा स्पीकर उघड्या पाठीसाठीच बनवला होता! उघड्या फळीत खालचे सूर पुढून-मागून एकमेकांना मारतात आणि घसरत जातात, आणि सैल ब्रेकच्या स्पीकरचा रेझोनन्सचा उभार तीच घसरण थोडी भरून काढतो. ज्या कुणी तो रेडिओग्राम आखला त्याला हे पक्कं माहीत होतं.

उघडी फळी, म्हणजे बॅफल, करायची.

१६ फेब्रुवारी

सरांनी त्यांच्या कपाटातून गिल्बर्ट ब्रिग्ज यांचं लाउडस्पीकरवरचं १९४८ चं पुस्तक दिलं. आठवडाभर तेच वाचतोय. हा माणूस मूळचा कापड धंद्यातला. यॉर्कशायरमधल्या इल्कली गावी घराच्या तळघरात स्पीकर बनवायला लागला आणि १९३२ मध्ये वॉर्फडेल कंपनी सुरू केली. १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये भरलेल्या प्रेक्षागृहासमोर प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण आलटून पालटून ऐकवलं. लिहिणं असं की शेजारी बसून सांगतोय. गणित जवळजवळ नाही, कारण मात्र प्रत्येक गोष्टीचं दिलंय.

ब्रिग्ज यांचा हट्ट एकच: स्पीकर ज्यात बसवलाय ते हलता कामा नये. लाकूड हललं की लाकूडही गातं, आणि आपल्याला गायकाबरोबर कपाट ऐकू येतं. म्हणून त्यांनी कोपऱ्यात विटांचे स्पीकर बांधले आणि दोन प्लायच्या मध्ये कोरडी वाळू भरलेल्या फळ्या केल्या. नंतर वॉर्फडेलने वाळू भरलेली उघडी बॅफलच विकायला काढली, एसएफबी/३: बारा इंची, दहा इंची आणि छताकडे तोंड केलेला तीन इंची.

वाळू! कोल्हापुरात!

याच्या बरोबर उलट मताचा संप्रदायही आहे, त्याचाही मान ठेवायला हवा. बीबीसीच्या इंजिनिअरांनी जाड भिंतींऐवजी पातळ प्लाय घेऊन आतून डांबरी पट्ट्या चिकटवल्या. बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी केलेला त्यांचा चिमुकला एलएस३/५ए १२ मिमी बर्च प्लायचा आहे. त्यांच्या संशोधन विभागाचे जुने अहवाल मोफत वाचायला मिळतात आणि शिकण्यासाठी त्यांच्याइतकं प्रामाणिक लिखाण क्वचितच दिसतं, कारण फसलेले प्रयोगही त्यात नोंदलेले असतात. पण माझ्या हाताशी वाळू आहे.

२३ फेब्रुवारी

चाचणीची फळी. बांधकामावर वापरून टाकलेला सेंट्रिंगचा प्लाय, ९० बाय १२० सेमी. आधी स्पीकर रुंदीच्या बरोबर मध्यावर. मित्राकडून मापनाचा मायक्रोफोन आणला, संगणकावर आरईडब्ल्यू हा आवाज मोजायचा प्रोग्राम (फुकट मिळतो, आणि यासाठी पुरेसा आहे). एक मीटरवरून मोजलं.

६२० हर्ट्झच्या जवळ खड्डा. हिशेब जुळतो: मागचा आवाज कडेला वळसा घालून मायक्रोफोनपर्यंत यायला सुमारे ५५ सेमी जास्त चालतो, आणि ६२० ला तरंगलांबीही तेवढीच. मागचा आवाज मुळात उलट्या कलेचा (पुढे दाब तेव्हा मागे ओढ), पूर्ण एक लाट उशिरा आला की पुढच्याला कापतो. ३१० ला अर्धी लाट, तिथे मदत करतो. त्याच्या खाली पुन्हा काटाकाटी, सप्तकामागे ६ डेसिबलने.

मग छिद्र बाजूला सरकवून दुसरी फळी कापली: डावी कड ३५ सेमी, उजवी ५५. खड्डा पसरून उथळ झाला. जुन्या आराखड्यांत स्पीकर नेहमी एका बाजूला का असतो हे मी आजवर सजावट समजत होतो.

२ मार्च

शिकायच्या साधनांबद्दल माझं मत आता पक्कं होत चाललंय, लिहून ठेवतो. आधी ब्रिग्ज वाचावा, कारणांसाठी. मग हातात असलेला एक स्पीकर मोजावा, कुठलाही, बिघडलेल्या टीव्हीतला चालेल. आणि मगच थील आणि स्मॉल यांचे लेख उघडावेत, कारण तेव्हा त्यातलं प्रत्येक अक्षर आपण मोजलेल्या आकड्याचं नाव असतं. मी उलट क्रमाने गेलो आणि दोन वर्षं नुसता वाचत राहिलो. खोक्याचे व्हिडिओ पाहणाऱ्यांना एकच विनंती: बनवणारा स्पीकरचे आकडे सांगत नसेल तर त्याची मापं घेऊ नका.

सिम्युलेशनसाठी हॉर्नरेस्प आहे, डेव्हिड मॅकबीन यांचं, तेही मोफत. भोंग्याचे आराखडे करणाऱ्यांचं ते दैवत आहे. मलाही पॉल क्लिप्श यांच्या कोपऱ्यातल्या भोंग्याचा मोह झाला होता, मामांच्या वाड्याच्या भिंती दोन हात जाड आहेत, भोंग्याचं तोंड त्या पुढे वाढवतील. पण एका कोपऱ्यात दार आणि दुसऱ्यात देव्हारा. विषय संपला.

२२ मार्च

खऱ्या फळीचं काम सुरू. ६ मिमीचे दोन मरीन प्लाय, मध्ये २० मिमी जाडीची सागाची चौकट. आत आडव्या पट्ट्या हव्यात, नाहीतर वाळूच्या दाबाने पातळ प्लायला पोट येईल. पण पट्ट्या सलग घातल्या तर वाळू खाली उतरणार नाही. म्हणून पट्ट्यांऐवजी लेथवर २० मिमी लांबीचे स्पेसर काढले आणि बारा ठिकाणी ६ मिमीचे बोल्ट आरपार टाकले. वाळू त्यांच्या भोवतीने वाहते.

३० मार्च

पाडवा. सकाळी गुढी, दुपारी स्पीकरच्या छिद्राभोवतीची कडी चिकटवली. ही कडी सगळ्यात महत्त्वाची. इथून वाळूचा एक कण जरी निसटला आणि कॉईलच्या फटीत गेला तर स्पीकर कायमचा खरखरणार. कडीच्या आतल्या सांध्यावर मलमलची पट्टी फेविकॉलमध्ये भिजवून दोन फेरे दिले. दोन दिवस हात लावायचा नाही.

५ एप्रिल

वाळू. आमच्याच गल्लीतल्या फौंड्रीतला मित्र म्हणाला, "मोल्डिंगच्या ढिगातली ने की मर्दा, हवी तेवढी." पण ती चालत नाही. मोल्डिंगच्या वाळूत, ग्रीन सँडमध्ये, बेंटोनाइटची चिकट माती असते, कोळशाची भुकटी असते, पाणी असतं. कण एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो. ब्रिग्ज यांची वाळू काम करते ती कण सुटे असतात म्हणून: प्लाय थरथरला की कण एकमेकांवर घासतात आणि थरथरीची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. गठ्ठा झाला तर नुसतं वजन उरेल.

दुसरी गोष्ट मी स्वतः तपासली. एकदा वापरून चाळलेल्या वाळूत चुंबक फिरवला, दाढीसारखे लोखंडाचे कण चिकटून आले. ओतकामातले छर्रे. अशी वाळू स्पीकरच्या मॅग्नेटपासून चार बोटांवर ठेवायची? नाही. कोअर शॉपमधून (जिथे कास्टिंगच्या आतल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे करतात) रेझिन न लावलेली नवी सिलिका वाळू घेतली. चुंबक फिरवला, काही नाही.

मित्राने ती कोअर भाजायच्या भट्टीत उरलेल्या उष्णतेवर रात्रभर ठेवून दिली. सकाळी मुठीत दाबली तर बोटांतून पाण्यासारखी सुटली.

१२ एप्रिल

जोतिबाची यात्रा, अर्धं कोल्हापूर डोंगरावर, गल्ली शांत. आज भरली. स्पीकर काढून छिद्रावर फळी ठोकलेली. वरच्या चौकटीतल्या फटीतून नरसाळ्याने, प्रत्येक पाच किलोनंतर लाकडी हातोडीने चौफेर ठोकत. एकूण २७ किलो.

भरण्याआधी प्लायवर टिचकी मारली होती तेव्हा डफासारखा आवाज होता. आता वाड्याच्या दगडी जोत्यावर टिचकी मारावी तसं, बोटच दुखतं.

१३ एप्रिल

स्पीकर बसवला. आठ वाजता सुरू केलं, जेवायला साडेदहा.

डग्ग्याचा घिस्सा वर चढताना ऐकू येतो. त्या खोक्यात तो सगळा एकाच "धुम्म"मध्ये बुडत होता. पुरुषाचा आवाज छातीतून येतो, पिंपातून नाही. आवाज फळीतून येतोय असं वाटतच नाही, फळीच्या मागे कुणीतरी बसलंय असं वाटतं. उघड्या पाठीचा हा गुण वाचला होता, ऐकला आज.

खालचं अगदी खालचं नाही, हे खरं. ७० हर्ट्झच्या खाली फार काही उरत नाही. मागे दोन्ही बाजूंना ३० सेमीचे पंख बिजागऱ्यांवर लावायचे ठरवलं, म्हणजे वळसा लांबेल आणि घसरण आणखी खालच्या सुरापासून सुरू होईल.

२० एप्रिल

वाळू बसली. वर सहा सेंटीमीटर पोकळी झालीय. आठवडाभर वाजवल्याने कण दाटीवाटीने बसले. दीड किलो आणखी गेली. फट कायमची बंद करायची नाही हे बरं झालं आधीच ठरवलं.

२७ एप्रिल

पंख लागले. फरक डग्ग्यापेक्षा तंबोऱ्याच्या खर्जात जास्त कळतो.

वरच्या सुरांचं काम बाकी होतं. दहा इंची कोनाचा हलणारा भाग साधारण २० सेमी, १,७०० हर्ट्झला तरंगलांबीही तेवढीच, तिथून वर आवाज विजेरीच्या झोतासारखा सरळ जातो. समोर बसलेल्याला मिळतं, बाजूच्याला नाही. ब्रिग्ज यांच्यासारखा तीन इंची कागदी ट्विटर वर, छताकडे तोंड करून. ८ ओहमचा, मालिकेत ३.३ मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर, म्हणजे ६,००० हर्ट्झच्या वरचंच त्याच्याकडे. आवाज खोलीत पसरला, टोचत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहम पेलणाराच वापरतोय. ३.४ ओहमची कॉईल ८ ओहमवाल्याला जोडायची नसते.

११ मे

मामांकडे नेला. पंख, चौकट, वाळू मिळून पन्नास किलोच्या आसपास, आणि वाड्याचा जिना अरुंद, उभ्या पायऱ्यांचा. खालच्या चौकटीत बूच ठेवलं होतं ते आज कामाला आलं: सगळी वाळू तीन पोत्यांत काढली, फळी मोकळी वर नेली, वर पुन्हा भरली. भाच्याने हातोडी ठोकली. आजूबाजूचे विचारायला आले की दार बसवताय का.

मामांनी केसरबाईंची ७८ फेऱ्यांची तबकडी काढली. सुई टेकली आणि पहिली खरखर आली तशी कपाळाला आठी. ट्विटर. त्या तबकड्यांत इतक्या वर गाणं जवळजवळ नाहीच, नुसता ओरखडा आहे. ट्विटरची वायर काढली. तान सुरू झाली, जयपूर घराण्याची ती न तुटणारी, आणि मामा खुर्चीवरून उठून फळीच्या बाजूला, मग मागे जाऊन उभे राहिले. मागूनही तेवढंच येतं, उघड्या पाठीचं. तीन मिनिटं तिथेच होते.

"आण्णा ह्याच बाजूला बसायचे," म्हणाले. "मागे. पुढे बायकामुलं."

ट्विटरला स्विच लावून दिला. रेडिओला चालू, तबकडीला बंद.

२८ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. वाळूला ओल लागली तर पुन्हा गठ्ठ्याचा धोका, म्हणून मामांकडे जाऊन वरच्या फटीवर सागाची पट्टी ठेवली आणि कडा मेणाने बुजवल्या. मेण गरम पात्याने सुटतं, पुढे भर घालायची तर अडचण नाही. खालच्या बुचालाही मेण. टिचकी मारली, आवाज एप्रिलसारखाच.

उरलेली साडेतीन किलो वाळू झाकणाच्या डब्यात भरून मामांच्या फडताळात ठेवली, डब्यावर तारीख. दसऱ्याला उघडून बघायचं.